विमा, विमान आणि विलंब

माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची अशी एक दृढ समजूत आहे कीं, ज्या माणसाला इंग्रजी कादंबऱ्या शिकवितां येतात, त्याला इंग्रजींत छापलेलें दुसरें कांहींहि समजत असलेंच पाहिजे. औषधाच्या बाटलीवरील बारीक मजकूर, बँकेची नोटीस, घरकर्जाचा करारनामा, परदेशांतील विद्यापीठाचें नकाराचें पत्र, असला कोणताहि कागद आमच्या निगडीच्या वसाहतींत आला म्हणजे तो एकदां तरी माझ्या बैठकीच्या खोलींतून फिरून जातो. गेल्या दहाबारा वर्षांत या कागदांत विमानाच्या तिकिटांची भर पडली आहे.

मी या गांवांत आलों तेव्हां विमान ही आमच्याकडे पाहण्याची वस्तु होती, बसण्याची नव्हे. लोहगांवचा तळ मुळांत लष्करी. इंग्रजांनीं तो १९३९ सालीं मुंबईच्या संरक्षणाकरितां उभारला, आणि आजहि तेथें यजमान वायुदल असून उतारूंचें विमान हा त्याच्या घरचा पाहुणा आहे. एखादें लढाऊ विमान पिंपरीवरून गर्जत गेलें म्हणजे पाळी संपवून घरीं निघालेले कामगार सायकलीवरून एक पाय जमिनीला टेकून वर पाहत. आतां चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांतला अभियंता महिन्यांतून दोनदां चेन्नईला जाऊन येतो, प्राधिकरणांतल्या आजीबाई नातवाच्या बारशाला बंगळूर गांठतात, आणि निघण्यापूर्वीं ही सारी मंडळी मला तेच तीन प्रश्न विचारतात: "सर, विमा उतरवायचा का? उशीर झाला तर पैसे मिळतात का? आणि तिकीट कोणत्या दिवशीं काढलें म्हणजे स्वस्त पडतें?"

खोटें कशाला बोलूं? या विचारपुशीचा मला अभिमान वाटूं लागला होता. वर्गांत मी शोकांतिकेची मीमांसा करीत असतों तेव्हां साठांतले चाळीस विद्यार्थी खिडकीबाहेर पाहत असतात. पण सामानाचें वजन पंधरा किलोंच्या वर गेलें तर काय होईल, या विषयावर मी तोंड उघडलें कीं ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. असा श्रोता मिळाल्यावर कोणता प्राध्यापक मौन पाळील?

विम्यासंबंधीं माझा एक ठरलेला विनोद असे. 'विमान' या शब्दांतला शेवटचा 'न' काढला कीं 'विमा' उरतो, असें मी म्हणत असें. आणि तो 'न' गेला कोठें, असें कोणीं विचारलें कीं विम्याच्या अटींचा कागद त्याच्यापुढें करीत असें. सगळे 'न' तेथें गोळा झालेले असतात. पूर्वींपासूनच्या आजाराबद्दल भरपाई मिळणार नाहीं. विमान स्वतः चुकविल्यास मिळणार नाहीं. मुदतींत कागद न आल्यास मिळणार नाहीं! विनोद झाल्यावर मी उपदेशाकडे वळत असें. विमानांतून नेतांना उतारूच्या जिवाची व सामानाची जबाबदारी कायद्यानें मुळांतच कंपनीवर टाकलेली आहे. १९२९ सालीं वॉर्सा येथें राष्ट्रांनीं तसा करार केला, १९९९ मध्यें माँट्रियल येथें त्याची नवी आवृत्ति निघाली, आणि २००९ पासून आपला देशहि तिच्यांत सामील आहे. तेव्हां पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या धडधाकट माणसानें शंभर-दोनशें रुपयांच्या विम्यावांचून झोप उडवून घेण्याचें कारण नाहीं. परंतु अमेरिकेंत मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या जोडप्यानें मात्र दुसरा एखादा खर्च कमी करावा, पण आजारपणाचा विमा घेतल्यावांचून घराचा उंबरठा ओलांडूं नये. आणि रक्तदाब, मधुमेह असे घरोब्याचे आजार अर्जांत लपवूं नयेत. शिवाय तिकीट काढतांना न मागितलेला विमा आपल्या टोपलींत कोणी सरकवीत नाहीं ना, हेंहि पाहावें. या हातचलाखीला सरकारनें २०२३ च्या नोव्हेंबरांत मनाई केली आहे. पण मनाई झाली म्हणून डोळे मिटावेत असें थोडेंच आहे!

उशिराच्या प्रश्नावर मला अधिक स्फुरण चढत असे. नियम सोपे आहेत. जवळच्या प्रवासाचें विमान दोन तासांहून अधिक रखडलें तर कंपनीनें फराळपाणी द्यावें; सहा तासांहून अधिक रखडणार असेल तर दुसऱ्या विमानाची सोय करावी किंवा पूर्ण पैसे परत करावे; आणि पूर्वसूचनेवांचून विमान रद्दच केलें, तर प्रवासाच्या कालमानाप्रमाणें पांच, साडेसात किंवा दहा हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. हे आंकडे १ ऑगस्ट २०१६ पासूनचे. पण येथेंहि एक 'न' आहेच. धुकें, वादळ, दंगल असें कारण कंपनीच्या हाताबाहेरचें असेल, तर ही भरपाई मिळत नाहीं.

"पण आकाश निरभ्र असतांना उशीर कां होतो?" असें कोणी विचारी. यावर चाकणच्या माणसाला त्याच्याच भाषेंत सांगावें. तुमच्या कारखान्यांत सुटे भाग साठवून ठेवीत नाहींत. लागतील त्या घटकेला ते मालमोटारीनें येतात. एक मालमोटार तळेगांव चौकांत अडकली कीं सारी साखळी थांबते. विमानाचें तसेंच आहे. सकाळीं दिल्लीच्या धुक्यांत सांपडलेलें विमानच दुपारीं पुण्याला यावयाचें असतें, आणि तेंच संध्याकाळीं नागपूरला जावयाचें असतें. दिल्लीचें धुकें पुण्याच्या उन्हांत उतरतें तें असें. चाकणकर मान डोलावी. आणि ज्या चौकांत आपण स्वतः रोज तास तास अडकून पडतों, त्याबद्दल मात्र कोणत्याहि कंपनीकडे फराळ मागतां येत नाहीं, हें लक्षांत येऊन खिन्न होई.

वास्तविक विलंबाचें खरें मोठें उदाहरण म्हणजे आमचा विमानतळच होय. चाकणजवळ नवा विमानतळ होणार, ही वार्ता मी कित्येक वर्षें ऐकत होतों. तेवढ्या वार्तेवर जमिनींचे भाव चढले आणि भावाभावांत दावे लागले. शेवटीं २०१६ सालीं पुरंदर तालुक्याचें नांव जाहीर झालें आणि चाकणच्या विमानतळाचें विमान कायमचें चुकलें. पुढें पुरंदरच्या सात गांवांतील शेतकऱ्यांनीं, 'आमच्या अंजिराच्या बागांतूनच तुम्हांला उडावयाचें आहे काय?' असा सवाल केला. इकडे लोहगांवची धांवपट्टी दुरुस्तीसाठीं २०२१ च्या ऑक्टोबरांत चौदा दिवस बंद राहिली. तेथील नव्या इमारतीचें उद्घाटन १० मार्च २०२४ रोजीं झालें. पण उतारूंना तींत पाऊल टाकण्यास जुलैची १४ तारीख उजाडावी लागली. जेथें इमारतच चार महिने उशिरां सुटते, तेथें विमानानें दोन तास घेतले तर काय नवल?

तिसरा प्रश्न भाड्याचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून निघून जुहूच्या मैदानावर विमान उतरविलें, तेव्हां त्यांच्या विमानांत उतारू नव्हते, पत्रें होतीं. प्रत्येक पत्राचें भाडें त्याच्या वजनावर ठरलेलें. शेजारच्या पत्रानें आपल्या निम्म्यांत प्रवास केला, अशी रुखरुख त्यांतील एकाहि पत्राला लागली नसेल. आजच्या उतारूला मात्र तीच रुखरुख खाते. १९५३ सालीं विमान-वाहतूक सरकारी झाली आणि १९९४ सालीं ती मक्तेदारी कायद्यानें संपली. तेव्हांपासून भाडें हें बाजाराच्या हवाली झालें आहे. एकाच विमानांतील सारख्याच खुर्च्यांच्या किंमतींच्या पायऱ्या केलेल्या असतात. खालच्या पायरीवरच्या खुर्च्या संपल्या कीं वरची पायरी उघडते. मागणी किती, दिवस कोणता, वेळ किती उरला, याचा हिशेब यंत्र अहोरात्र करीत असतें. २०२५ च्या डिसेंबरांत, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यानंतर वेळापत्रक कोलमडून हजारों उड्डाणें रद्द झालीं, तेव्हां तर भाडीं विमानांच्याहि वर गेलीं; आणि ६ डिसेंबर रोजीं सरकारला कमाल भाडें ठरवून द्यावें लागलें. पांचशें किलोमीटरपर्यंत साडेसात हजार! संकटांतल्या माणसाची घाई यंत्राला सर्वांच्या आधीं कळते, एवढाच याचा अर्थ.

या यंत्रावर मात करण्याची एक युक्ति मला सांपडली आहे, असें मी समजत असें. शनिवार-रविवारीं तिकीट काढूं नये, सोमवारीं व्यापारी लोक काढतात म्हणून तेव्हांहि काढूं नये. मंगळवारीं दुपारीं काढावें. हा नियम मीं कोठें वाचला होता, देव जाणे. पण दोनतीनदां त्याचा पडताळा आला, आणि दोनतीन पडताळ्यांवर माणसानें याहून मोठे धर्म उभारले आहेत. आमच्या वसाहतींत तो 'सरांचा मंगळवार' म्हणून प्रसिद्ध झाला.

आतां दादांची गोष्ट सांगितली पाहिजे.

दादा म्हणजे माझे थोरले बंधु. माझ्याहून चौदा वर्षांनीं मोठे. १९७८ सालीं ते पिंपरीच्या एका कारखान्यांत कामाला लागले, आणि मॅट्रिक झाल्यावर मी त्यांच्या दोन खोल्यांत शिकण्यासाठीं येऊन राहिलों. पगाराच्या संध्याकाळीं दादा जमिनीवर मांडी घालून बसत आणि पैशांचीं पाकिटें करीत. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनें लिहीत: दूध, भाडें, किराणा, बाळूची फी. पेन्सिलीनें अशासाठीं कीं, पाकीट पुढच्या महिन्यास पुन्हां उपयोगीं पडावें. दुधाच्या पाकिटांतले पैसे कित्येकदां फीच्या पाकिटांत गेलेले मीं पाहिले आहेत. फीच्या पाकिटांतले दुधाच्या पाकिटांत गेलेले कधीं पाहिले नाहींत.

निवृत्त झाल्यावर ते आणि वहिनी नागपूरला मुलीकडे राहावयास गेले. पोंचवावयाला मी बरोबर होतों. तो त्यांचा पहिला विमानप्रवास. विमान ढगांच्या वर गेलें तेव्हां खिडकींतून नजर न काढतां त्यांनीं विचारलें, "बाळू, एका माणसाला किती पडले रे?" मीं चव्वेचाळीसशेंच्या ऐवजीं बावीसशें सांगितले. "मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पुन्हां ढग पाहूं लागले.

२०२५ सालच्या जानेवारींतल्या एका गुरुवारीं रात्रीं पुतणीचा फोन आला. दादांना दवाखान्यांतून घरीं आणलें होतें; माझी आठवण काढीत होते. दादांनीं स्वतःच फोन घेतला. आवाज खोल गेला होता. "बाळू, एकदां येऊन जा," ते म्हणाले, आणि क्षणभर थांबून त्यांनीं पुस्ती जोडली, "घाई करूं नकोस. तिकीट स्वस्त मिळेल तेव्हां ये."

मीं ताबडतोब भाडें पाहिलें. दुसऱ्या दिवशींचें आठ हजारांच्या घरांत होतें. पैसे नव्हते असें नाहीं. पण पुढें शनिवार-रविवार होता, यंत्र भाव चढवीत होतें, आणि माझ्यासारख्या जाणत्यानें अशा वेळीं त्याच्या जाळ्यांत सांपडावें, हें मला कमीपणाचें वाटलें. शिवाय दादांनींच तसें सांगितलें होतें ना! उपचार म्हणून काढलेले शब्द आपल्या सोयीचे असले म्हणजे आपण ते किती शब्दशः पाळतों! मंगळवारीं तिकीट काढावें आणि बुधवारीं निघावें, असें मीं ठरविलें.

सोमवारीं पहाटे चार वाजतां दादा गेले.

त्या सकाळीं मीं जें तिकीट काढलें त्याला अकरा हजारांहून अधिक पडले. आंकडा मला नीट आठवत नाहीं, कारण त्या दिवशीं मीं तो पाहिलाच नाहीं. विम्याच्या चौकटींतहि कधीं खूण केली तें कळलें नाहीं. लोहगांवला पोंचलों तों, येणारें विमान दिल्लीच्या धुक्यांत अडकल्याचें समजलें. एक तास गेला, दोन गेले. तिसऱ्या तासाला एका तरुण मुलीनें माझ्या हातांत उपम्याची डबी आणि पाण्याची बाटली ठेवली. नियमाप्रमाणें तो माझा हक्क होता; तो हक्क मी कितीजणांना पढविला होता! डबी मांडीवर घेऊन मी बसून राहिलों. विमान चार तास उशिरां सुटलें. नागपूरच्या मंडळींनीं थांबतां येईल तेवढी वाट पाहिली. मी अंबाझरीच्या घाटावर पोंचलों तेव्हां ज्वाळा खालीं बसल्या होत्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं कपाटांतून एक पाकीट काढून माझ्या हातीं दिलें. "हें तुमचें आहे, भावजी. दवाखान्यांत जाण्याआधींच त्यांनीं करून ठेवलें होतें," त्या म्हणाल्या. वर पेन्सिलीनें लिहिलें होतें: बाळूच्या विमानाचे. आंत पांचशेंच्या नऊ नोटा होत्या. बावीसशें नव्हे, साडेचार हजार. माझें तें खोटें त्यांनीं ढगांतच ओळखलें होतें.

मार्चांत बीजेला मी आणि माझी पत्नी देहूला गेलों. निगडीहून देहू तें किती लांब! इंद्रायणीच्या कांठीं ऊन तळपत होतें, आणि नांदुरकीच्या झाडाकडे हजारों डोळे लागले होते. लोहगांवच्या विमानतळाला तुकोबांचें नांव देण्याच्या प्रस्तावाला राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ च्या सप्टेंबरांत संमति दिली, तेव्हां मीं वर्गांत थट्टा केली होती कीं, तिकीट, विमा आणि विलंब या तिहींवांचून सुटलेलें विमान आपल्या भागांत एकच, तें देहूहून सुटलें. त्या दुपारीं मला ती थट्टा सुचली नाहीं. आख्यायिका अशी आहे कीं, निघण्यापूर्वीं तुकोबांनीं जिजाईलाहि बरोबर येण्याविषयीं विचारलें होतें. पण हातांतला संसार टाकून तिचा पाय निघेना. एवढीं वर्षें मी त्या कथेंतल्या विमानाविषयींच बोलत आलों होतों. मागें राहिलेल्या माणसाकडे माझें लक्ष गेलें तें त्या दिवशीं.

एप्रिलांत बँकेच्या खात्यांत दीड हजार रुपये जमा झाले. विमा कंपनीचें पत्र सभ्य आणि स्पष्ट होतें. विमान चार तास उशिरां सुटल्याबद्दल ठरलेली रक्कम त्यांनीं चोख दिली होती. या कंपन्यांची मीं जन्मभर टवाळी केली, पण या खेपेस त्यांच्याकडे बोट दाखवावयाला जागा नव्हती. त्यांच्या चार तासांचा हिशेब त्यांनीं पुरा केला होता. त्यापूर्वींचे चार दिवस माझे होते, आणि त्यांचा विमा कोणी उतरवीत नाहीं.

ते दीड हजार काढून मीं दादांच्या पाकिटांत ठेवले. त्यांचें काय करावें हें मला सुचत नव्हतें.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यांत एका रात्रीं माझा एक जुना विद्यार्थी दारांत येऊन उभा राहिला. गोंदियाकडचा मुलगा. चाकणला एका कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखालीं काम करतो. अंगावर अजून कारखान्याचाच सदरा होता. त्याच्या आईला नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत ठेवलें होतें आणि दोन दिवसांनीं शस्त्रक्रिया होती. गाडीचें आरक्षण मिळत नव्हतें. फोनवर त्यानें विमानाचें भाडें काढून ठेवलें होतें: सहा हजार तीनशें.

"सर," तो संकोचानें म्हणाला, "आज शनिवार आहे. मंगळवारीं उतरेल ना?"

माझाच मंगळवार माझ्या दारांत येऊन उभा होता. मी क्षणभर बोललों नाहीं. मग म्हणालों, "मंगळवार-बिंगळवार कांहीं नसतें रे. आत्तां काढ. उद्यां पहाटेचें काढ."

तो उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांत चाललेला हिशेब मला ओळखीचा होता. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो मीं दर महिन्याला पाहिलेला होता. मी आंत गेलों आणि पाकीट घेऊन आलों. साडेचार आणि दीड मिळून सहा हजार झाले. वरचे तीनशें त्यानें आपल्या खिशांतून घातले. विम्याच्या चौकटीपाशीं त्याचें बोट थांबलें आणि त्यानें माझ्याकडे पाहिलें. "नको," मी म्हणालों, "तुला तिथें पोंचणें हाच तुझा विमा."

आईची शस्त्रक्रिया होण्यापूर्वीं तो तिला भेटला. ती वांचली, आणि आतां घरीं आहे. त्यानें माझे सहा हजार तीन हप्त्यांत आणून दिले. दरवेळीं मी नको म्हणत होतों आणि दरवेळीं तो ऐकत नव्हता. तेंहि बरोबरच झालें.

शेजारीपाजारी अजून येतात. विम्याचे, उशिराचे नियम मी अजून सांगतों, कारण ते ज्याला माहीत असावयाला हवेत त्याला ते माहीत नसतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र मी आतां उत्तर देत नाहीं, उलट विचारतों, "कोणाकडे निघालांत?" लग्नाला निघालेला असेल तर दोन महिने आधीं काढा म्हणतों. सहलीला निघालेला असेल तर वाट पाहा म्हणतों. एखादा उत्तर देतांना थोडा थांबला, तर मात्र मी भाव पाहूं देत नाहीं.

दादांचें पाकीट माझ्या टेबलाच्या खणांत आहे. पेन्सिलीचीं अक्षरें पुसट होत चाललीं आहेत, पण मीं तीं गिरविलीं नाहींत. पाकीट पुन्हां उपयोगीं पडावें म्हणूनच दादा पेन्सिलीनें लिहीत असत.